गणपती जरा मोठा कर

"तुला हे सगळं सुचतं कुठून गं?" असं कुणी विचारलं की मी खिडकीबाहेर बघते. समोर पाण्याची टाकी आहे, पण विचारणाऱ्याला वाटतं मी क्षितिजाकडे बघतेय. ग्राफिक डिझायनरनं एवढं तरी वातावरण राखावं लागतं.

खरं उत्तर माझ्या फोनमध्ये आहे आणि ते चारचौघांत दाखवण्यासारखं नाही. चार हजारांवर फोटो, त्यांत माणूस औषधालाही नाही. काडेपेट्या, उदबत्तीची खोकी, एसटीच्या पाट्या, रसवंतिगृहाच्या फळीवरच्या 'कानिफनाथ'मधला फ. आई म्हणते, "लोकांच्या फोनमध्ये भाचरं असतात, तुझ्या फोनमध्ये रद्दी."

एकदा लक्ष्मी रोडवर एका जुन्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढत होते. पेंटरनं हातानं रंगवलेली अक्षरं, प्रत्येकाला उजवीकडून निळी सावली. मालक गल्ला सोडून बाहेर आले. "महापालिकेकडून का? पाटी मराठीतच आहे. मोजून घ्या, इंग्रजीपेक्षा मोठी आहे!" मी म्हटलं, "नाही हो काका, तुमच्या ळ ची गाठ फार सुरेख बसलीय." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग आत जाऊन मुलाला बाहेर घेऊन आले.

मिल्टन ग्लेझर या अमेरिकी डिझायनरना 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं ते प्रसिद्ध लाल हृदयाचं चिन्ह १९७६ साली टॅक्सीत सुचलं. लाल क्रेयॉननं पाकिटाच्या चिटोऱ्यावर खरडलेलं ते रेखाटन आज तिथल्या संग्रहालयात आहे. मीही रिक्षात, वीजबिलाच्या पाठीवर प्रयत्न करून पाहिला. शनिवारवाड्याजवळच्या एका खड्ड्यानं माझ्या रेषेला असा काही झोल दिला, की पुढे एका फरसाणवाल्याच्या लोगोत तो जसाच्या तसा वापरला. गिऱ्हाईक म्हणालं, "या वळणात काहीतरी आहे हां." होतंच.

तर अशा या सगळ्या प्रेरणा घेऊन मी मजेत जगत असताना भर दुपारी आत्याचा फोन आला. आतेभावाचं लग्न ठरलं होतं.

"पत्रिका तूच करायचीस. तू काय, कॉम्प्युटरवरच बसलेली असतेस, पाच मिनिटांचं काम. बाहेर दिलं की पैसे घेतात."

या शेवटच्या वाक्यानं माझी फी ठरली.

मी मात्र उत्साहात होते. लहानपणी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान मी नाटकांसाठी नाही, त्यातली नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडगे यांच्या अक्षरांसाठी बघायची. नाटक रडवणारं आहे की हसवणारं, हे नाव वाचायच्या आधीच अक्षरांवरून कळायचं. तसं काहीतरी आपणही करावं, दोघांची नावं स्वतःच्या हातानं काढावीत, हळदीचा एकच पिवळा रंग ठेवावा, बाकी कागद मोकळा सोडावा. आठ रात्री बसले. वराच्या नावातला काना वळवून वधूच्या नावातल्या वेलांटीला नेऊन भिडवला. इतकं जमलं की एकटीच हसले.

आत्यानं फोनवर चित्र पाहिलं. "छान आहे. पण पत्रिका कुठाय?"

मग सुरू झाली ती मोकळी जागा भरायची मोहीम. दोन मोर आले. सोनेरी महिरप आली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आलं, ते यायलाच हवं होतं. पिवळा रंग फोनवर दिसतो तसा झेंडूसारखा छापून हवा होता. फोनचा पडदा उजेडाचा असतो आणि छापखाना चार शाईंचा, त्यामुळे कागदावर तो थोडा मंदच येणार, हे मी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "मग तुझ्या छापखान्यालाही उजेड लावायला सांग." आणि रोज रात्री, गुड नाइटच्या गुलाबाआधी, एक निरोप न चुकता यायचा: "गणपती जरा मोठा कर."

गणपती अठरा मिलिमीटरचा होता, तो बावीसचा केला. मग सव्वीसचा. एकतीसला बाप्पाची सोंड मोराच्या पिसाऱ्यात शिरली, तेव्हा मी हत्यार टाकलं आणि मोरांनाच खाली उतरवलं.

अखेर फाईलमधली सगळी अक्षरं कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलं, आता कुठल्याही मशीनवर ती फुटणार नाहीत. समाधानानं नारायण पेठेतला छापखाना गाठला. ऑपरेटर काकांनी फाईल उघडली आणि फोन वाजला.

"अगं, किलबिल राहिलीच की!"

पत्रिकेच्या तळाशी पोराटोरांची नावं असतात ना, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं म्हणणारी? ती राहिली होती. माझा लॅपटॉप घरी. आत्यानं नावं मेसेजवर पाठवली, काकांनी ती थेट त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली.

आता यातली गोम अशी, की पहिली वेलांटी आपण टाईप करतो अक्षरानंतर, पण ती दिसायला हवी अक्षराच्या आधी. ज्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही, ते टाईप केल्या क्रमानं वेलांटी नंतरच मांडतं आणि ती शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडते. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर भाऊंना 'हार्दकि शुभेच्छा' मिळतात, त्या यामुळेच. असा फ्लेक्स दिसला की मी गाडी थांबवून फोटो काढते. माझ्याकडे सत्तावीस 'हार्दकि' आहेत.

काका चष्मा कपाळावर चढवून डाळीतले खडे वेचावेत तशी एकेक वेलांटी उचलून जागेवर ठेवत गेले. नावं सरळ झाली. प्रिंट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "वाचा नि सही करा."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पत्र्याची पाटी होती. 'प्रूफ नीट वाचून सही करावी. नंतरच्या चुकांस प्रेस जबाबदार नाही.' ब्रशनं लिहिलेली, तांबडी, कडा उडालेल्या. आणि त्या 'चुकांस'मधला च! पोटाला असा डौलदार फुगवटा, की पेंटरनं श्वास रोखून एका दमात ओढला असणार. मी डावीकडून फोटो काढला, स्टुलावर चढून समोरून काढला, आणि खाली उतरून सही केली.

चारशे पत्रिका छापून आल्या. रिक्षातच एक उघडली. नावं झकास, महिरप झकास, बाप्पा भरभक्कम. तळाशी, सात निरागस मुलांच्या नावांवर, माझ्या आवडत्या ठळक अक्षरांत मथळा होता:

कलिबलि.

एकात कलि, दुसऱ्यात बळी, आणि खाली आमच्या घराण्यातली सगळी कच्चीबच्ची रांगेत उभी. मी त्या रात्री जेवले नाही. पत्रिका वाटल्या गेल्या. डोंबिवलीला गेल्या, नाशिकला गेल्या, एक कुलदेवतेपुढे ठेवली गेली. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

चौथ्या दिवशी आत्याचा आला.

"सगळ्यांना पत्रिका फार आवडली हो. तुझ्या मोठ्या काकांनी तर चष्मा लावून दोनदा वाचली." मी श्वास धरून ऐकत होते. "फक्त एक सांगू का, रागवू नकोस…"

"सांग."

"गणपती अजून थोडा मोठा चालला असता."