चौथ्यालाही खेळवा रे

आज दुपारी झोप लागली नाही. रविवारची माझी दुपारची झोप काय चीज आहे हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे, तेव्हा मामला किती गंभीर आहे ते समजून घ्या.

लेकीच्या कॉलेजात थ्री-ऑन-थ्री (म्हणजेच थ्री-बाय-थ्री) बास्केटबॉलची लीग सुरू झालीय. अर्ध्या कोर्टावर, एकाच रिंगवर, तिघांविरुद्ध तिघं. हौशी मुलांची. निवड चाचणी नाही, विद्यापीठाच्या संघाशी देणंघेणं नाही. चौघांनी मिळून नाव द्यायचं, फी भरायची आणि रविवारी सकाळी खेळायला यायचं. ऐकून मला कोण आनंद झाला होता! फुटबॉल सोडून जगात दुसराही बॉल असतो हे आपल्या गोव्यात पटवून देणंच कठीण. त्यात पोरी आपणहून बास्केटबॉल खेळताहेत म्हटल्यावर मी तिला सोडायला गेलो तो तिथेच थांबलो.

कोर्टाच्या कडेला चिऱ्यांचा गडगा आहे. त्यावर बसून सगळे सामने बघितले. लेकीच्या संघात चौघी. तिघी आत, चौथी बाहेर. पहिला सामना संपला, ती बाहेरच. दुसऱ्यातही बाहेर. शेवटच्या सामन्यात तर आमच्या पोरी सपाटून मार खात होत्या, जिंकण्याची आशा कधीच संपली होती, तरी ती बाहेरच. बुटांच्या नाड्या आवळून, केस घट्ट वर बांधून तयार. नवी कोरी पिवळी जर्सी, पिशवीतल्या घडीची रेघ पोटावर तशीच. बाकी तिघींच्या जर्सी घामाने अंगाला चिकटलेल्या आणि हिची त्या रेघेसकट कोरडी. कुणाची पाण्याची बाटली सांभाळ, कुणाचा मोबाइल धर, रील काढ, स्कोअर ओरडून सांग. बॉल गटाराकडे गेला की धावत जाऊन आणून दे. तेवढाच काय तो बॉल तिच्या हाताला लागला.

घरी येताना स्कूटरवर विचारलं, अगं, तिला एकदाही का नाही घेतलं? मागून हेल्मेटमधून उत्तर आलं, "बाबा, नेमांत खंय बरयलां तशें?" नियमात कुठे लिहिलंय तसं, म्हणे.

झालं. डोकं पुरतं फिरलं ते तिथे. आणि त्या संघाची कॅप्टन कोण? आमचीच.

घरी पोहोचल्यावर तिने नियमांची पीडीएफच पाठवली मला व्हॉट्सॲपवर. शेजारच्या खोलीतून. वाचली. मुलांनी मेहनत घेतलीय हे कबूल करतो. आंतरराष्ट्रीय नियम जसेच्या तसे उतरवून घेतलेत. सामना १० मिनिटांचा किंवा जो आधी २१ करेल त्याचा. रिंगसमोर आखलेल्या कमानीच्या आतून बॉल रिंगमध्ये टाकला तर एक गुण, बाहेरून दोन. १२ सेकंदांत बॉल रिंगकडे मारायचाच. बरोबरी झाली तर जादा वेळेत जो संघ आधी दोन गुण करेल तो जिंकला. समोरच्यांचा बॉल हिसकावला की आधी दोन्ही पाय कमानीबाहेर नेऊन मगच हल्ला. सगळं अचूक. १२ सेकंद मोजायला घड्याळ नाही, एक पोरगा "दहा, नऊ, आठ" करून ओरडतो, तो भाग वेगळा. खाली आयोजकांनी आपली भर घातलीय ती जर्सी एकसारखी हवी आणि फी परत मिळणार नाही याची. म्हणजे कपड्याला नियम आहे, पैशाला नियम आहे. चौथीने किती खेळायचं याबद्दल एक ओळ? नाही. "बदली खेळाडू गरजेनुसार". गरज कुणाची? ते कोण ठरवणार?

आता हे मी का धरून बसलोय ते सांगतो. मीही चौथाच होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा थ्री-बाय-थ्री वगैरे नाव कुणाला माहीत नव्हतं, आम्ही हाफ कोर्ट म्हणायचो. कॉलेजच्या गॅदरिंगच्या आठवड्यात स्पर्धा असायची. मी सावईवेऱ्याहून बसने फोंड्याला यायचो. पायात मावसभावाचे बूट, एक नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. आमचा संघ स्पर्धा जिंकला. मी एक मिनिटही खेळलो नाही. प्रत्येक सामन्याआधी आमचा सीनियर पाठीवर थाप मारून म्हणायचा, "फुडल्या मॅचीक तुका घेतां." फुडली मॅच आली की पुन्हा तेच. फायनलला तर थापही नाही.

सर्टिफिकेट मात्र मिळालं. विजेत्या संघाचा सदस्य! आमच्या बाबांनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. घरी पाहुणे आले की दाखवायचे, "आमचो बास्केटबॉल चॅम्पियन." एकदा कुणीतरी काकांनी विचारलं, किती पॉइंट केलेस रे? मी पाणी आणायला आत गेलो तो बाहेर आलोच नाही.

त्यामुळे "बाबा, एवढं काय त्यात" असं मला सांगू नका.

बरं, भावना बाजूला ठेवा. खेळाकडेच बघा. पाच-पाच जणांच्या बास्केटबॉलमध्ये बाकावरच्या पोराला आत जायच्या वाटा असतात. कुणाचे पाच फाउल झाले की तो बाहेर, याचा नंबर लागला. शिवाय बाजूला कोच असतो. तो ओरडतो, दमलेल्याला खेचतो, नव्याला ढकलतो. थ्री-बाय-थ्रीमध्ये यातलं काहीच नाही. स्वतःचे फाउल कितीही होवोत, तेवढ्यामुळे कुणी बाहेर जात नाही, मोजले जातात ते संघाचे. सातव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता रिंगवर बॉल मारायची संधी), दहाव्यापासून दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही. पण खेळाडू आतच. आणि कोचला तर सामन्यात बोलायलाच बंदी, प्रेक्षकांत बसूनसुद्धा सूचना द्यायच्या नाहीत. म्हणजे चौथ्याला आत जायचं असेल तर एकतर कुणाचा पाय मुरगळायला हवा, नाहीतर कुणीतरी मारामारी करून हाकलला जायला हवा. तिसरी वाट म्हणजे कॅप्टनच्या मनात येणं.

मी गॅदरिंगच्या त्या आठवड्यात बसमध्ये बसून पहिली वाट मनातल्या मनात मागायचो. अमक्याचा पाय मुरगळू दे. देवाने ऐकलं नाही हे त्या अमक्याचं नशीब. आज तो इथे मित्रयादीत आहे आणि हे वाचतोय. नमस्कार कर रे.

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीवर आपण काय जबाबदारी टाकतोय बघा. स्वतः खेळायचं, जिंकायचं, आणि शिवाय "आता मी बसते, तू जा" हे स्वतःहून म्हणायचं. मोठी माणसं म्हणत नाहीत हो! आपल्यातले कितीजण खुर्ची सोडताना दिसतात ते रोज पेपरात वाचतोच आहोत. म्हणून हे काम नियमाने करायला हवं. नियमात असलं की कॅप्टनला वाईटपणा घ्यावा लागत नाही, चौथीला उपकार वाटत नाहीत.

लेक म्हणाली, "ऑलिंपिकमध्येही असा नियम नाही." बरोबर आहे, नाही. पण तिथे तो लागतही नाही. टोकियोत २०२१ मध्ये हा खेळ ऑलिंपिकात पहिल्यांदा आला, तेव्हापासून मी बघतोय. तिथेही संघात चौघेच, पण चारही जण सारखे आत-बाहेर करत असतात. कारण खेळच तसा आहे. ११ मीटर लांब, १५ मीटर रुंद एवढ्याशा जागेत सहा माणसं, बास्केट झाल्यावर दम खायला वेळ नाही, ज्यांच्यावर बास्केट पडली त्यांनी रिंगखालूनच बॉल उचलायचा आणि निघायचं. दोन मिनिटांत माणूस फेसाळतो. म्हणून बदलीसुद्धा सोपी करून ठेवलीय. बॉल थांबला की रिंगच्या समोरच्या टोकाच्या रेषेमागे जायचं, हाताला हात लावायचा, तू बाहेर, मी आत. पंचाला विचारायचं नाही, टेबलाकडे जायचं नाही, शिट्टी नाही. हाताला हात! इतका सुंदर नियम त्या पीडीएफमध्ये लिहिलाय, आणि सकाळभरात आमच्या पोरींनी एकदाही वापरला नाही. शेवटच्या सामन्यात लेक गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती, तोंडाने श्वास घेत होती, आणि सहा पावलांवर ती दुसरी पूर्ण ताजी उभी. मग हरणार नाही तर काय?

तेव्हा "जिंकायचं असतं बाबा" हे कारणसुद्धा पूर्ण खरं नाही. अर्धं खरं आहे, चला, मान्य. खेळायला उतरलं की जिंकावंसं वाटतंच, मी काही संत नाही.

माझा नियम साधा आहे. १० मिनिटांचा सामना, पाच मिनिटांवर घड्याळ थांबवा. पहिल्या पाचात जो बाहेर होता तो दुसऱ्या पाचात सुरुवातीपासून आत, आणि संपेपर्यंत आत. बाहेर कोण बसायचं ते तिघांनी ठरवावं, आणि पुढच्या सामन्यात तोच पुन्हा आधी बसायचा नाही. पाच मिनिटांच्या आत कुणी २१ करून मोकळं झालं, तर चौथा पुढच्या सामन्यात पहिल्यापासून. कुणाला दुखापत झाली तर अर्थातच सूट. जादा वेळेत हवे ते तीन उतरवा, तिथे मी तोंड घालणार नाही. आणि हे मोडलं तर? जर्सीला नियम लावायला सुचलं ना, तसा इथे दंडही सुचेल.

यावर एका आयोजक मुलाला मी तिथेच बोललो होतो. चांगला पोरगा, घामाघूम, हातात खडू, पुसट झालेली कमान पुन्हा आखत होता. म्हणाला, "अंकल, खेळ कच्चा होईल. समोरचे मुद्दाम त्या चौथ्यालाच टार्गेट करतील." करतील की. पहिल्या रविवारी करतील, दुसऱ्या रविवारी करतील, आणि तिसऱ्या रविवारी ती पोरगी बॉल सोडणार नाही. खेळल्याशिवाय कुणी पक्कं झालंय का आजवर? घरी बसून? रील काढून?

खरं सांगू, त्याच्याशी बोलताना माझा राग अर्धा उतरला होता. ही मुलं स्वतः वर्गणी काढतात, स्वतः पंच होतात, स्वतःचा रविवार घालवतात. रिंगची जाळी फाटली होती ती त्यांनीच कुठूनतरी नायलॉनची दोरी आणून विणलीय. आमच्या वेळी एवढंही कुणी केलं नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये अख्खी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होऊन गेली, आणि खडूने कमान आखायला अजून कॉलेजची पोरंच लागतात. त्यांना शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही.

पण मग घरी येऊन ती पीडीएफ वाचली आणि परत भडकलो. कारण त्यात एक कलम आहे: सामना सुरू करताना तिघं हजर नसतील तर तो संघ हरला. आता कळलं का चौथी कशासाठी हवी? कुणी झोपलं, कुणाची बस चुकली, कुणाचं पोट बिघडलं, तर. स्टेपनी! फी तिच्याकडूनही घेतली, बरोबरीची घेतली. जर्सी तिनेही विकत घेतली. आणि तिला ठेवली डिकीत. आमच्या वेळी निदान फी तरी नव्हती.

काहीजण म्हणतील, त्या मुलीने स्वतः का नाही तोंड उघडलं? अहो, कसं उघडणार? मैत्रिणी आहेत त्या. जी मागून आली, जी थोडी कमी खेळते, जी लांबून दोन बस बदलून येते, तिला हे माहीत असतं की आपल्याला घेतलंय हेच खूप. मी कुठे बोललो होतो? बोलणारी माणसं कधी चौथी नसतात.

संध्याकाळी चहाच्या वेळी लेकीला सर्टिफिकेटची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. तिला आजवर वाटत होतं बाप खरंच चॅम्पियन होता. जुन्या घरी गेली की ती फ्रेमचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची म्हणे. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही एकदम डंबच होता, मागायचं ना सरळ." आणि खोलीत गेली. समजूत पटली की नाही, देव जाणे. ही पोस्ट ती वाचणार नाही, फेसबुक हा म्हाताऱ्यांचा अड्डा आहे असं तिचं मत आहे.

तेव्हा म्हाताऱ्यांनो, तुमची पोरं त्या लीगमध्ये असतील (फोंड्यातल्या निम्म्या घरांत असणार, मला माहीत आहे) तर आज जेवताना एवढंच विचारा, तुमच्या संघातला चौथा कोण आणि तो किती खेळला. बघा काय उत्तर येतं. आणि आयोजक मंडळींपैकी कुणाच्या आईबाबांपर्यंत हे पोहोचलं, तर निरोप द्या: पाच मिनिटांवर घड्याळ थांबवायला माणूस नाही ही सबब सांगू नका, पुढच्या रविवारी मी येतो. फुकट. शिट्टीही माझीच आणीन. फक्त ऊन चढायच्या आत सामने उरका आणि कुणीतरी पावभाजी मागवा, आमच्या वेळी तीसुद्धा फक्त खेळणाऱ्यांनाच मिळायची.