सिग्नल प्रोसेसिंगसाठी सत्तर हजार कशाला? मालवणच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाज किंवा रेडिओलहरी आकड्यांत उतरवून त्यांतून माहिती काढणं, शिकायला सेकंडहँड, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप पुरतो, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा भंगार घ्यायचा सल्ला आहे, आणि सत्तर हजारांचा ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप घेतल्याशिवाय कोकणातली पोरं मागेच राहणार. तुमची भाची रत्नागिरीला इंजिनिअरिंगला आहे आणि पावसाळ्यात सड्यावरच्या बेडकांचे आवाज रात्रभर रेकॉर्ड करून जाती ओळखायचा तिचा प्रोजेक्ट आहे, हेही तुम्ही सांगितलंत. मग तिच्याच कामाचा हिशेब मांडू.

बेडकांचे आवाज बहुतेक काही हजार हर्ट्झच्या आतले. त्यासाठी सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे आवाजाची तितकी मोजमापं, भरपूर झाली. 1024 सॅम्पलचा एक तुकडा, पुढचा तुकडा निम्मा आधीच्यावर चढलेला, अशा रीतीने सेकंदाला साधारण 94 वेळा एफएफटी (तुकड्यात कोणत्या पट्टीचे सूर किती आहेत ते झटपट काढायचं गणित) करावा लागतो. एका एफएफटीला पन्नासेक हजार आकडेमोडी धरा. म्हणजे सेकंदाला पन्नास लाखांच्या आतबाहेर. आठव्या पिढीचा प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करतो. रात्रभराचं रेकॉर्डिंग तो काही मिनिटांत संपवेल.

ही किमया महागड्या यंत्राची नाही, रीतीची आहे. तेच 1024 सॅम्पल या गणिताच्या सरळ व्याख्येप्रमाणे सोडवले तर दहा लाखांहून जास्त गुणाकार होतात. कूली आणि ट्यूकी यांनी 1965 साली मांडलेल्या एफएफटीच्या पद्धतीने 5,120 (हे गुणाकार जोड-आकड्यांचे; साध्या आकडेमोडीत, बेरजा धरून, वरचे पन्नासेक हजार). दोनशे पटींचा फरक! मुलांनी आधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण हे कळलेलं पोर कुठल्याही मशीनवर काम काढतं.

अडतं ते मेमरीत. आठ तासांचं एका चॅनेलचं 16 बिटचं रेकॉर्डिंग डिस्कवर 2.8 जीबी असतं. पायथनमध्ये ते सगळं एकदम उघडून दशांशी आकड्यांत बदललं की प्रत्येक सॅम्पल दोनऐवजी आठ बाइटचा होतो, आणि तीच रात्र 11 जीबी होऊन बसते. आठ जीबी रॅमचं मशीन तिथे गुडघे टेकतं, मग आत कितीही महाग ग्राफिक्स कार्ड असो. म्हणून मी 16 जीबीचा आग्रह धरला. शिवाय फाइल एकेक मिनिटाच्या तुकड्यांनी वाचायची सवय लावावी; एका मिनिटाला मेमरीत 23 एमबी, बस्स. महिनाभराच्या रात्री 83 जीबीच्या घरात जातात, तेव्हा वाचलेल्या पैशातून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि चांगला मायक्रोफोन घ्या. मायक्रोफोनने जे पकडलंच नाही ते कुठलाही प्रोसेसर परत आणत नाही.

आठवीच पिढी का, हेही तुम्ही विचारलंत. पातळ लॅपटॉपमधल्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला दोन कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे प्रोसेसरचे भाग) होते, आठव्यात चार झाले. आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. त्याहून जुनं मशीन मिळालं तर त्यावर सरळ लिनक्स टाकावं. थिंकपॅड टी480 हा लॅपटॉप मी सुचवला तो रॅमच्या दोन जागा आणि बाहेरून बदलता येणारी बॅटरी यांसाठी. जून-जुलैत आपल्याकडे लाइट कशी जाते ते तुम्हाला मी काय सांगू! डेस्कटॉपला इन्व्हर्टर जोडाल, पण त्याचा पंखा खारी, दमट हवा आत ओढतच राहणार. आणि अर्थिंग धड नसलेल्या घरात रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झची घरघर शिरते, तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की बऱ्याचदा ती जाते.

"उद्या तिला रेडिओवर काम करायचं झालं तर?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. स्वस्तातला आरटीएल-एसडीआर रिसीव्हर (कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचा रेडिओ) सेकंदाला 24 लाख सॅम्पल देतो. पण जयगडला येणाऱ्या जहाजांचे एआयएस संदेश (जहाजं आपलं नाव-ठिकाण रेडिओवर कळवतात ते) ऐकायचे तर चॅनेल 25 किलोहर्ट्झचा. आधी फिल्टर, मग पन्नासातला एक सॅम्पल ठेवायचा, की पुन्हा 48,000 वर आलो. कच्चा प्रवाह साठवायचा म्हटला तर मात्र तासाला 17 जीबी, म्हणजे पुन्हा डिस्कच.

एका बाबतीत तुमचं खरं आहे. बेडकांच्या जाती ओळखायला मोठं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) शिकवायचं असेल तर ग्राफिक्स कार्डाने दिवसांचं काम तासांवर येतं. पण ते काम प्रोजेक्टच्या शेवटी, थोडेच दिवस लागतं. तेवढ्यापुरतं गूगल कोलॅब, म्हणजे गूगलचे कॉम्प्युटर ब्राउझरमधून वापरायची सोय, वापरता येतं, आणि गावाकडच्या नेटवर अख्खी रेकॉर्डिंग चढवत बसू नये, निवडक तुकड्यांचे स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार कोणता सूर किती मोठा ते दाखवणारी चित्रं) पाठवावेत. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉलेजात असेल तर तिथे वापरावं. घरी ऑक्टेव्ह किंवा पायथनमधलं सायपाय, ही फुकट साधनं, पुरेशी आहेत.

पैसे देण्याआधी भाचीला एक करायला सांगा. कॉलेजच्या लॅबमधल्या अशाच जुन्या मशीनवर तिने ग्नू रेडिओ हे सिग्नल प्रोसेसिंगचं फुकट सॉफ्टवेअर टाकावं, मायक्रोफोन जोडून जिवंत स्पेक्ट्रोग्राम चालवावा आणि तोच आवाज स्पीकरवर सोडावा. मशीन मागे पडलं तर खालच्या खिडकीत "एयू" ही अक्षरं रोमन लिपीत उमटत राहतात, कारण आवाज वेळेत पोहोचत नाही. बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) वाढवूनही ती थांबली नाहीत तर मला तो फ्लोग्राफ, म्हणजे तिने ग्नू रेडिओत जोडलेली आकृती, पाठवा. नेमकं कुठे अडतंय ते आपण बघू आणि मगच मोठ्या मशीनचं बोलू.

तिच्या रेकॉर्डिंगचा एखादा मिनिटही पाठवलात तर मला फार आवडेल.