फिक्स्ड ब्रिजच्या गिटारला भोक पाडण्याआधी

“गिटार सुरात राहत नाही? लॉकिंग ट्रेमोलो बसवून टाक. तारा दोन्हीकडून लॉक झाल्या की सूर हलायचा प्रश्नच नाही. वर सस्टेनही वाढतो. राउटरने एक खड्डा मारायचा, दुपारभराचं काम. नाही आवडलं तर खड्डा बुजवून जुना ब्रिज परत लावता येतो.”

गिटारवाल्यांत हा सल्ला इतक्या सहज दिला जातो, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच एवढे दिवस मागे राहिलो. ब्रिज म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग, आणि नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. फिक्स्ड ब्रिज हलत नाही. लॉकिंग ट्रेमोलो हा दांड्याने हलवायचा ब्रिज, त्यात तारा ब्रिजवर आणि नटवर पेचांनी आवळलेल्या असतात. सस्टेन म्हणजे छेडलेला सूर किती वेळ टिकतो ते, आणि राउटर म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र. मी गिटारी दुरुस्त करतो. हा सल्ला ऐकून अर्ध्यात अडकलेल्या गिटारी माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे त्यातला एकेक मुद्दा तपासायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

सुरापासून सुरुवात करू, कारण सगळी भुरळ तिथेच आहे. फिक्स्ड ब्रिजमध्ये हलणारं काही नसतंच. मग सूर उतरतो कुठून? बहुतेक वेळा नटपासून. तिसरी तार, म्हणजे जी, लावताना खुंटी थोडी पिळा. काहीच होत नाही. आणखी थोडी पिळा, आणि ‘टिंग’ असा बारीक आवाज होऊन सूर एकदम पुढे उडी मारतो. तार नटच्या खाचेत अडकली होती, ती आत्ता सुटली. वाजवताना तार ओढली की हेच उलट दिशेने होतं. खाच बारीक कानशीने नीट करा, पेन्सिलीचं शिसं घासा, खुंटीवर तारेचे वेढे एकावर एक चढू देऊ नका, नवी तार बसवल्यावर हाताने ताणून घ्या. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावर मिटतात. दुखणं नटला आणि भोक ब्रिजखाली: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फ्लॉइड रोझ या गिटारवादकाने लॉकिंग ट्रेमोलोची ही रचना १९७०च्या दशकाच्या अखेरीस केली, १९७९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. प्रश्न होता तो दांडा पार खाली दाबून, तारा सैल पाडून, परत मूळ सुरावर येण्याचा. तो प्रश्न या रचनेने खरोखर सोडवला आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण सुरुवातीच्या नमुन्यांत ब्रिजवर फाइन ट्यूनर, म्हणजे लॉक न सोडता सूर थोडा हलवायचे पेच, नव्हते. सूर केसभर सरकला तरी नटवरचे पेच सोडायचे, सूर लावायचा, पुन्हा कसायचे. फाइन ट्यूनर नंतर आले. ते आणावे लागले यातच ‘लॉक केलं की सूर हलत नाही’ याचं उत्तर आहे. लॉक तार घसरू देत नाही. नेकचं लाकूड हवेतल्या दमटपणाने हलायचं ते हलतंच, आणि नवी तार ताणली जायची ती जातेच.

शिवाय हा ब्रिज तरंगता असतो, याचा अर्थ बसवल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २५.५ इंच स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) १०–४६ जाडीच्या तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, की सहा तारा मिळून सुमारे ४७ किलोने ब्रिज पुढे ओढतात. मागच्या स्प्रिंगा तेवढ्याच जोराने मागे ओढतात. ब्रिज त्या दोघांच्या मधे, दोन खांबांवर सुरीसारख्या धारेने टेकलेला. तराजूच म्हणा ना. एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ओढली, की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. एकीवर सूर धरून दुसरी बेंड करायची सवय असेल, तर तो धरलेला सूर कानाला खटकेल. तळहात ब्रिजवर जरा जोरात टेकला की सगळं चढतं. मोठी ई तार डीवर उतरवली की बाकीच्या वर जातात. आणि वाजवता वाजवता तार तुटली तर? फिक्स्ड ब्रिजवर माणूस पाच तारांवर गाणं निभावून नेतो. इथे उरलेल्या पाचही एका क्षणात बेसूर. तारांचा गेज, म्हणजे जाडी, बदलला तर मागचे पेच फिरवून समतोल नव्याने साधायचा. हा स्वभाव ज्याला हवा त्याने घ्यावा, पण ‘सूर पक्का राहावा’ म्हणून घेऊ नये.

आता ते दुपारभराचं काम. खड्डा एक नाही. समोरून आरपार भोक, मागून सुमारे १६ मिमी खोल स्प्रिंगांची पोकळी, स्प्रिंगा धरणाऱ्या पंज्याचे लांब पेच, अर्थिंगची वायर, आणि एकमेकांपासून सुमारे ७४ मिमी अंतरावर दोन खांब. हे अंतर चुकलं तर ब्रिज खांबांवर नीट बसत नाही, आणि स्केलचं माप चुकलं, तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) कितीही सरकवा, वरच्या फ्रेटवर सूर जुळत नाही. टेलिकास्टर घराण्यातल्या गिटारीत मागचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) ब्रिजच्याच पत्र्यात बसलेला असतो, म्हणजे त्याचीही सोय नव्याने. लेस पॉलसारख्या गिटारीत वरचा भाग फुगीर, नेक मागे कललेली, आणि पिकअपच्या स्विचपासून खालच्या बटणांकडे जाणाऱ्या वायरी लाकडातून गेलेल्या. राउटर लावण्याआधी त्या कुठून जातात हे बघितलेलं बरं.

पण मला खरी धास्ती बॉडीची नसते, नेकची असते. लॉकिंग नटसाठी जुना नट काढून खालचं लाकूड सपाट तासावं लागतं आणि पेचांसाठी भोकं पाडावी लागतात. ज्या गिटारीत ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळईचा) खड्डा नटच्या लगेच मागे असतो आणि हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा भाग, मागे झुकलेला असतो, तिथे नेक आधीच सगळ्यात नाजूक असते. गिटार स्टँडवरून पडली की तिथेच मोडते, हे कुणीही दुरुस्तीवाला सांगेल. आपण नेमकं तिथलंच लाकूड कमी करतो. हेडस्टॉक सपाट असेल तर दुसरीच गंमत: तारा नटवर पूर्ण टेकत नाहीत, आणि पेच कसताना सूर चढतो. मग मागे तारा दाबणारी पट्टी लावा, तिची आणखी दोन भोकं.

सस्टेनचं थोडक्यात सांगतो. ब्रिजखालच्या जड ब्लॉकमुळे फरक पडतो, पण घट्ट रोवलेल्या ब्रिजवरून धारेवर टेकलेल्या ब्रिजवर येऊन सस्टेन वाढेल असं धरून चालायला काही आधार नाही. स्प्रिंगांची गुणगुण मात्र पदरात पडते.

राहिलं ‘परत पूर्ववत’. आरपार गेलेलं भोक ठोकळा चिकटवून भरता येतं, पण रंगाखाली त्याची कड दिसते, आणि नटखालचं तासलेलं लाकूड परत येत नाही. मध्यंतरी एक गिटार आली. खांबाचं भोक आणि पिकअपचा खड्डा यांच्यामध्ये लाकडाची जेमतेम तीन मिमी भिंत उरली होती. तारा सैल असताना सगळं ठीक दिसायचं. सुरात लावल्या की खांब पुढे झुकायचा आणि त्या भिंतीत चीर उघडायची, कागद सरकेल एवढी. मालक त्या झुकलेल्या खांबाची उंची तारा ताणलेल्या असतानाच वरखाली करत बसलेला, त्यामुळे ब्रिजची धारही बोथट झालेली. धार गेली की ब्रिज जागेवर परत येत नाही, मग दोन्हीकडून लॉक असूनही सूर गेलाच.

ज्याला खरंच दांडा हवा आहे त्याला मी नाही म्हणत नाही. मूळची त्यासाठीच बनवलेली गिटार घ्यावी, हे पहिलं. हीच गिटार बदलायची तर स्टॉप-टेलपीसच्या (तारांची टोकं खांबांवरच्या वेगळ्या पट्टीत अडकवणाऱ्या) गिटारीला जुन्याच खांबांच्या जागी वरून बसणारा फ्लॉइड रोझचा एफआरएक्स मिळतो, कॅमवर चालणाऱ्या काहलर ट्रेमोलोला आरपार भोक लागत नाही, आणि हलक्या लहरीपुरतं बिग्सबी ट्रेमोलो पुरतं. फ्लॉइडच हवा तर बॉडीवर टेकलेला, फक्त खाली जाणारा ठेवा. तार तुटली तरी बाकीच्या चढत नाहीत, आणि ई तार डीवर उतरवता येते.

त्या चिरलेल्या गिटारीचं सांगायचं राहिलं. चिरेत सरस भरला, भोकात कठीण लाकडाची गुल्ली ठोकून नव्याने पाडलं. मालकाला विचारलं, दांडा किती वापरतोस? म्हणाला, फारसा नाही, मला जी तार सुरात हवी होती. मग स्प्रिंगांच्या पोकळीत ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे घट्ट बसवले. आता तो ब्रिज हलत नाही. तार बदलायला मात्र त्याला टोकाची गोळी कापून ३ मिमीची ॲलन की शोधावी लागते.