मजा येतेय ना?

ऑफिसचा ताण जावा म्हणून चित्रं काढायला घेतली, आणि आता चित्रांचा ताण घालवायला ऑफिसला जाते, एवढी माझी कलेतली प्रगती.

सुरुवात झकास होती. शंभर टक्के कॉटनचं, ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगल्या जाड कागदाचं स्केचबुक आणलं. हा कागद भरपूर पाणी पडलं तरी फारसा सुरकुतत नाही, सुरकुत्या सगळ्या माझ्या कपाळावर. पहिलं पान चांगल्या चित्रासाठी राखून ठेवलं, मग दुसरंही, आणि चार महिन्यांनी बघते तर पहिली पाच पानं कोरीच, कारण एवढ्या भारी कागदाच्या लायकीचं काही हातून होईचना.

मैत्रीण म्हणाली, "अगं, रिझल्टचं सोड, प्रोसेस एंजॉय कर." झालं! म्हणजे आधी नुसतं चित्र चांगलं यायला हवं होतं, आता वर मजापण यायला हवी. मोबाईलमधल्या सवयींच्या ॲपमध्ये 'पाणी पिणे', 'चालणे' याखाली 'चित्र (मजेत)' टाकलं आणि रोज इमानेइतबारे टिक करायला लागले. ब्रश उचलला की डोक्यातला सुपरवायझर मागे हजर, मजा येतेय ना? मग चेहरा असा का?

त्यात ऑक्टोबर उजाडला. २००९ साली जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून इंकटोबर सुरू केलं, ३१ दिवस, ३१ चित्रं. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. मी सहाव्या दिवशी अख्खं पान काळं करून खाली लिहिलं 'रात्र'. सातव्या दिवशी 'अमावास्या'. आठव्या दिवशी 'लाईट गेले'. तिन्हीवर टिक.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने म्हणे १९०८ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर आपली किमान १५ चित्रं नष्ट केली होती. वाचून बरं वाटायला हवं होतं, पण त्याच्याकडे निदान नष्ट करण्यासारखं काहीतरी होतं हो, माझ्याकडे अमावास्या.

परवा मात्र स्केचबुक काढायचाही कंटाळा आला. प्रिंटरचा ८० जीएसएमचा पाठकोरा कागद ओढला, मागे जुन्या मीटिंगचा तक्ता, आणि समोरची किटली काढायला बसले. पाणी लागताच कागदाच्या डोंगरदऱ्या झाल्या. निळ्यात नारिंगी घातला तर चिखल. वर किटलीच्या पोटावर तो डाग पडला, अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी घुसलं की पडतो तो, चित्रकार त्याला चक्क कॉलीफ्लॉवर म्हणतात. एरवी मी टिश्यू घेऊन धावते आणि घासून घासून तिथे भोक पाडते. या वेळी म्हटलं मरू दे, मीटिंगचाच कागद आहे. डाग जरा मेंढीसारखा दिसत होता, मग पाय काढले, पाच झाले. एकटी बरी दिसेना म्हणून शेजारी मुद्दाम थेंब सोडला, तो पसरताना रंग कसा कडेला ढकलत नेतो, कड कशी कातरल्यासारखी गडद होते ते बघत बसले, मग अजून एक थेंब, अजून एक मेंढी, किटलीवर सगळा कळपच चरायला लागला, ब्रश मी दोनदा चहात बुडवला आणि रंगाच्या पाण्याचा ग्लास तोंडाला लावता लावता वाचले.

बारा वाजून एक मिनिटाने फोन टुणकन वाजला. 'चित्र (मजेत)ː काल नोंद नाही. तुमची ४३ दिवसांची साखळी तुटली.'