मंडळाला पोट्टे का मिळत नाहीत

नागपुरात मानेवाडा रोडवरच्या आमच्या ले-आऊटच्या (प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या) गणेश मंडळात सध्या एकच वाद पेटलाय: पुढच्या वर्षीपासून उत्सव इव्हेंट कंपनीकडे सोपवायचा का? मांडव, रोषणाई, मुलांच्या स्पर्धा, महाप्रसाद, विसर्जन, सगळं एका ठेक्यात. माझा धाकटा भाऊ ठेक्याच्या बाजूचा. फोनवर म्हणाला, "ताई, बिछायतवाल्याले पैसे देतो, डीजेवाल्याले देतो, मंग कार्यकर्त्यालेच फुकट कायले राबवायचं? आन् पोट्टे येऊन तरी राहिले का आता?" विरोधातली मंडळी आमच्या बाबांच्या वयाची. त्यांच्या मते सेवाभावच आटला. गंमत म्हणजे दोन्ही बाजू मला जर्मनीतून साक्षीला बोलावतात. तुमच्याकडे बघा, सगळं कसं शिस्तीत!

साक्ष द्यायचीच तर अशी: आमच्या इथल्या मराठी मंडळातले लोक नागपूरकरांपेक्षा काडीनेही जास्त सेवाभावी नाहीत. काम टाळणारे इथेही तेवढेच. फरक आहे तो कामाच्या आकारात. गणपतीच्या आधी सगळ्यांना एक तक्ता जातो. दुपारी १२ ते २ चपलांची जागा, २ ते ४ चहा, ४ ते ६ भांडी, आणि प्रत्येकासमोर रिकामी चौकट. जमेल त्याने नाव घालायचं. दोन तास झाले की माणूस मोकळा, आणि लवकर गेला म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. सभागृह भाड्याचं. रात्री १० नंतर आवाज बाहेर जायला नको. (नियम आपल्याकडेही हाच आहे, २००० सालापासून, फक्त राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, आणि आपण ती सूटच नियम समजतो.) चावी परत करताना फरशी झाडलेली हवी आणि स्वयंपाकघरातले काटे-चमचे यादीप्रमाणे भरायला हवेत. कमी भरले तर अनामत रकमेतून कापतात. सगळे पाहुणे गेल्यावर चांगले पगारदार इंजिनिअर ओट्याशी उभे राहून चमचे मोजतात, एकाचा आकडा चुकला की दुसरा पुन्हा पहिल्यापासून मोजतो. याला कुणी सेवा म्हणत नाही. तक्त्यात नाव आहे म्हणून करतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. जर्मनीत मंडळ नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. वार्षिक सभेत हिशेब तपासणारे सभासद उभे राहून वह्या ठीक आहेत की नाहीत ते सांगतात, मग पदाधिकाऱ्यांना त्या वर्षाच्या जबाबदारीतून मोकळं करण्याचा ठराव मतदानाला येतो. आणि २००९ पासून नागरी कायद्यातच तरतूद आहे की बिनपगारी पदाधिकाऱ्याच्या हातून साधी चूक झाली, तर संस्थेला झालेलं नुकसान त्याच्या खिशातून वसूल करता येत नाही. जाणूनबुजून केलं किंवा घोर हलगर्जी केली तरच. हो म्हणणाऱ्याला बाहेर पडायची वाटही आधीच दिसते.

आमच्या ले-आऊटमध्ये काय होतं? वर्गणीची पावती-पुस्तकं, पोलिसांची परवानगी, मनपाची परवानगी, विजेची तात्पुरती जोडणी, धर्मादाय कार्यालयाचा अर्ज, सगळं तिघा-चौघांच्या डोक्यावर. बाकीचा ले-आऊट आरतीला टाळ्या वाजवायला. तेच लोक वर्षानुवर्षं, आणि मग तेच लोक रडतात की नवीन कोणी येत नाही. नवा पोट्टा आलाच तर त्याला "खुर्च्या लाव बे" म्हणतात. हिशेबाची वही काही दाखवत नाहीत. एकदा हो म्हटलं की दहा दिवस गेले, वर नोकरीवर रजेसाठी थाप मारा, आणि पुढच्या वर्षी नाही म्हटलं की रुसवा. असा सौदा मीही घेतला नसता.

पोट्टे नाहीत, हे मला मान्यच नाही. विसर्जनाच्या दिवशी नागपूरच्या फुटाळा तलावावर जा. कॉलेजची मुलं-मुली निर्माल्य गोळा करताना, मूर्ती कृत्रिम टाक्यांकडे वळवताना दिसतील. त्यात राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं असतात. ही योजना १९६९ ची. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचं. तास ठरलेले, काम ठरलेलं, प्रमाणपत्र ठरलेलं. प्रमाणपत्रासाठी येतात म्हणून नाक मुरडणारे भेटतात मला. असेनात का! चिखलात उभं राहून हार-फुलं वेगळी करणारा प्रमाणपत्रासाठी करतो की पुण्यासाठी, याने तलावाला काय फरक पडतो?

मारबतीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं, मात्र वेगळं आहे. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते, आणि तिथे ना तक्ता ना तास. वस्तीत जन्मलं की ते काम आपसूक अंगावर येतं, बडगे (मारबतीसोबतचे पुतळे) बनवणारी पोरं रात्र-रात्र जागतात. ते तसंच चालू दे. पण २०–२५ वर्षांपूर्वी प्लॉट पडलेल्या ले-आऊटमध्ये, जिथे शेजारी कोण हेच धड माहीत नाही, तिथे वंशपरंपरेच्या जोरावर उत्सव चालेल ही आशा धरू नये.

आणि शिस्तीचं कौतुक ऐकणाऱ्या आम्हा परदेशस्थांची मिजास उतरवायला दीक्षाभूमी पुरेशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपासून आजवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं तिथे येतात. रांगा सांभाळायला समता सैनिक दलाची माणसं, रस्तोरस्ती भोजनदानाचे मांडव, औषधाच्या टेबलावर फुकट तपासणारे डॉक्टर. वाढणारा आणि जेवणारा एकमेकांना ओळखत नाहीत, पुन्हा भेटणारही नाहीत. आमच्या जर्मनीतल्या मंडळात सभासदाला एक दर, पाहुण्याला जास्त, आणि कूपन नसेल तर श्रीखंड नाही. आम्ही आमच्यासाठीच राबतो. अनोळखी माणसासाठी एवढ्या प्रमाणावर राबणं आम्हाला जमलेलं नाही. शिवाय इथल्या जर्मन संस्थांचंही रडगाणं आहेच: गायन मंडळं, क्रीडा मंडळं अध्यक्ष मिळत नाही म्हणून बंद पडतात.

एका बाबतीत मात्र तक्त्याने न मागता काम केलं. आमच्या ले-आऊटच्या कार्यकारिणीत सगळे भाऊ आणि साहेब. महाप्रसादाची वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी मात्र महिला मंडळाकडे, आणि आभाराच्या भाषणात त्या "माता-भगिनी". इथे भांड्यांच्या चौकटीसमोर नाव नसलं की ती सगळ्यांना रिकामी दिसते. लाजेपोटी का होईना, पुरुष नाव घालतात.

ठेक्याला माझा सरसकट विरोध नाही. मांडव, वीज, रस्ता झाडणं ही पैसे देऊन करून घ्यायचीच कामं आहेत. सफाई कामगाराची मजुरी वाचवण्यासाठी मुलांना झाडू देणं ही सेवा नव्हे. पण वर्गणी मागायला दारावर कंपनीचा माणूस आला, तर मी तरी दार लावून घेईन. वाढणं, दारात स्वागत, मुलांच्या स्पर्धा, विसर्जनाची मिरवणूक, हे ले-आऊटनेच करावं, दोन-दोन तासांत वाटून.

भावाला तक्ता पाठवला. त्याला आवडला. म्हणाला, "ठीक आहे ताई, पण एवढ्या लोकाइले बॅनरवर कसं बसवशीन?" खरी अडचण त्याने नेमकी पकडली. दोन तास चहा देणाऱ्याचा फोटो लागत नाही, आणि ज्यांचा लागतो ते चौकटीत नाव घालणार नाहीत. रविवारी बैठक आहे. तीत कंपनीचं दरपत्रक मांडणार आहेत. त्याच बैठकीत गेल्या तीन वर्षांचा जमाखर्चही वाचून दाखवा, असं मी गटावर लिहिलंय. अध्यक्षांनी होकाराचा अंगठा टाकलाय, खजिनदारांनी अजून काही नाही.