सायकलनं कामावर जाता? आधी पुरावा दाखवा

हल्ली कुणीही उठतो आणि सांगतो, 'मी सायकलनं कामावर जातो.' ऐकणारा भोळा असला की 'अरे वा' म्हणून मोकळा होतो. तुम्ही तसं करू नका. सायकलवर टांग टाकून कामाच्या जागी पोचणं वेगळं आणि सायकलनं कामावर जाणं वेगळं. पहिला उद्योग मराठवाड्यात लोक आज्या-पणज्यांपासून करत आलेत. त्यासाठी कुणाला हार घातल्याचं ऐकिवात नाही. दुसऱ्याला अक्कल लागते, तयारी लागते आणि बऱ्यापैकी पगार लागतो. तुमच्याकडं तिन्ही आहे असं धरून पुढचं सांगतो.

सगळ्यात आधी घरी चारचाकी हवी. नसेल तर हप्त्यानं घ्या, पण घ्याच. दारात गाडी उभी असताना सायकल काढली तर तो तुमचा निर्णय. दारात दुसरं काहीच नसताना काढली तर ती परिस्थिती, आणि परिस्थितीच्या फोटोला कुणी लाइक देत नाही. रांजणगाव शेणपुंजीतून किंवा जोगेश्वरीतून फर्स्ट शिफ्टला संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत निघालेला हेल्पर बघा. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला घडी केलेला रेनकोट, पायात सेफ्टी शूज. शूज कंपनीचे, म्हणजे सायकलिंगचे नव्हेत. डोक्याला हेल्मेट नाही, रुमाल. मोबाइल खिशात आहे, पण स्ट्राव्हा, म्हणजे सायकलवाल्यांचं वेग-अंतर मोजून जगाला दाखवणारं अ‍ॅप, बंद. मग हा माणूस निघाला कधी, सरासरी वेग किती पडला, छातीचे ठोके कुठवर गेले, हे जगाला कळायचं कसं? (कंपनीच्या गेटवर कार्ड पंच होतं, हे खरं. चार मिनिटं उशीर झाला तर ती नोंद महिनाअखेरी बरोब्बर सापडते.) अशाला सायकलनं जाणारा म्हणत नाहीत. तो नुसताच जातो.

आता खुद्द सायकल. कामगाराची काळी सायकल वीस-बावीस किलोची असते. तिला स्टँड असतं, कॅरिअर असतं, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, मागच्या चाकाला कुलूप असतं. तुमच्या सायकलीला यातलं काहीएक नको. या बाजारात वस्तू जितकी कमी मिळते तितके पैसे जास्त पडतात, एवढं मनाशी पक्कं केलं की दुकानदाराशी वाद होत नाही. स्टँड नसल्यानं ती टेकवायला कायम भिंत शोधावी लागेल. मडगार्ड नसल्यानं पावसाळ्यात कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उठेल. ती पुसू नका. ऑफिसात शक्यतो पाठमोरे फिरा.

खेड्यावरचा माणूस मात्र तुम्हाला सांगेल की काळ्या रानात मडगार्ड असणं हाच ताप. दोन पाऊस झाले की चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे असा गच्च बसतो की चाक जागचं हलत नाही. मग काडीनं उकरायचं, दहा पावलं ढकलायचं, परत उकरायचं, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठायची. सायकल माणसावर बसून करते तो हा प्रवास आपल्या व्याख्येत बसत नाही. पण मान डोलवून ऐकून घ्यायला काही जात नाही.

पंक्चर होणार. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आहेत, आणि सराटा तर असा बेणा की कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच असतं. चौकातल्या पंक्चरवाल्या चाचांकडं जायची वेळ आली तर घाबरू नका, तीच तुमची खरी परीक्षा. चाचा ट्यूब काढतील, घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडा बघतील, घासून, सोल्युशन लावून ठिगळ मारतील. इथवर तुमच्यात आणि दूधवाल्यात फरक नाही. फरक हवा भरताना पडतो. तुमच्या सायकलीचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक. त्याच्या शेंड्यावरचं चिमुकलं नट आधी ढिलं करावं लागतं आणि त्याला पितळी टोपी बसवल्याशिवाय चाचांचा पंप त्याला लागत नाही. चाचा दाबून बघतात, होती तेवढी हवाही फुस्सकन जाते. 'साब, इसमें हवा जाती नै, निकलतीच है.' आजूबाजूला दोन पोरं, एक रिक्षावाला आणि मूळव्याधीवर इलाज सांगणारे एक काका जमलेले असतील. अशा वेळी ओशाळायचं नाही. ज्या सायकलीत गावातला पंक्चरवाला हवा भरू शकत नाही, ती चालवणाराच खरा सायकलस्वार, हे तिथल्या तिथं सिद्ध झालेलं असतं. घरी फोन करा आणि गाडी मागवा. त्यासाठीच तर ती घेतलीत.

अंतराचा मुद्दा जरा नाजूक आहे. किती किलोमीटर गेलं म्हणजे गेलं म्हणायचं? आमच्याकडं अंतर दोन जातीचं असतं, रस्त्यावरचं आणि कागदावरचं. गुरुजींनी, ग्रामसेवकांनी, तलाठ्यांनी मुख्यालयी राहायचं, असा दंडक. त्यामुळं कागदावर ते नेमणुकीच्या गावातच राहतात, आणि देहानं जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोज अपडाऊन करतात. कुणी मोटारसायकलवर, कुणी काळीपिवळीत एका मांडीवर बसून. पेट्रोल जळतं, पण प्रवास होत नाही. कागदोपत्री शून्य किलोमीटर. पर्यावरणाला याहून कमी त्रास देणारी व्यवस्था युरोपातसुद्धा निघालेली नसेल. तुम्ही घरूनच काम करत असाल तर यावरून धडा घ्या. सकाळी कॉलनीला चार चकरा मारा, परत येऊन त्याच खुर्चीत बसा आणि 'आज सायकलनं ऑफिसला' असं लिहून टाका. खोटं एक अक्षर नाही.

रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबादेत भजी खाऊन येणं मात्र यात धरता येत नाही, कितीही घाम गेला तरी. भजी हे काम नव्हे. तिथं कुणाला भेटून दोन मिनिटं धंद्याचं बोललात तर विचार करता येईल.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला, सरकारला विचारा. विचारलंय. 2011 च्या जनगणनेत सरकारनं खरोखरच लोकांना विचारलं होतं, कामावर कशानं जाता? पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे, सगळे रकाने होते. ज्यांना विचारलं त्यांतले शंभरात साधारण 13 जण सायकलनं जाणारे निघाले, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांच्या किंचित पुढंच. पण विचारलं कुणाला? शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून उरलेल्यांना. म्हणजे परभणीकडचा एखादा गडी पाठीवर फवारणीचा पंप, दांडीला खुरपं आणि कॅरिअरवर बायको घेऊन पहाटे रानात निघाला, तर तो या हिशेबात नाही. तो कामावर जातो असं सरकारनंही धरलेलं नाही. आपण धरायचं काही कारण उरत नाही.

कायदा मात्र अडाणी आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कायद्यात 2010 साली 51-ई नावाचं कलम घातलं. घरून ड्युटीवर जाताना किंवा ड्युटी करून घरी येताना अपघात झाला, आणि वेळ, जागा, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध लागला, तर तो कामावरच झाला असं धरायचं. वाचून बघा, त्यात हेल्मेटची कंपनी विचारलेली नाही, वेग विचारलेला नाही, सायकल कितीची होती हेही नाही. गडी ड्युटीवर निघाला होता का, एवढंच. एवढ्या ढोबळ मापानं मोजायला लागलं तर कुणीही पात्र ठरेल. नशीब, या विम्याला 21,000 रुपये पगाराची मर्यादा आहे. तिच्या आतला कायद्यात बसतो, तिच्या बाहेरचा स्ट्राव्हावर. दोघांची गाठ पडत नाही ते बरं आहे. फक्त एक लक्षात असू द्या: आतल्या माणसानं सुट्टी झाल्यावर वाट वाकडी करून मंडईत भाजी घेतली आणि तिथं पडला, तर हा संबंध लावताना साहेबलोक फार बारीक वाचतात. बाहेरच्यानं भाजी घेतली तर ते 'एरंड रन' (इंग्रजीत घरचं किरकोळ काम उरकायची फेरी) होतं आणि त्याचे वेगळे लाइक मिळतात.

दूधवाला, पोस्टमन, पेपरवाला यांचं काय, असं हटकून विचारलं जातं. ही माणसं काम करत करत जातात, कामावर जात नाहीत, त्यामुळं बाद. पलीकडं 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करणाऱ्याला बीआरएमचं, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेरीचं, पदक मिळतं, आणि ते मिळायलाच हवं, मेहनत आहे. दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लटकवून दाराशी दाराशी थांबत जाणाऱ्याची सरासरी कशी काढणार? दर दोन मिनिटांनी त्याला कुणीतरी वहिनी विचारते, 'काय हो, आज पातळ का?'

एक प्रकार असा आहे की त्यावर निकाल देताना मलाही जरा अडखळायला होतं. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; पहिल्या खेपेला 10 वाघिण्या, पाच लाख लिटर. पाण्याच्या ठिकाणी 144 कलम लागलं होतं. त्या दिवसांत सायकलीला काम होतं, आणि टंचाईच्या प्रत्येक साली खेड्यापाड्यांत अजून असतंच. हँडलच्या दोन्ही बाजूंना कॅन, कॅरिअरला आडव्या लाकडाला आणखी दोन, दांडीतून एखादी घागर. अशा सायकलवर बसता येत नाही. एक हात हँडलवर, एक सीटवर, पोटरी पायडलला घासतेय, आणि चढ आला की मागून पोरगी रेटा देते. चाकं फिरतात, पायडल फिरत नाही. उतारावर ब्रेक दाबायचा तर कॅन हिंदकळतो, नाही दाबायचा तर सायकल पळते. हे सगळं उरकून मग बापानं मजुरीला जायचं आणि पोरीनं शाळेत. आपली व्याख्या लावून बघितली. पायडल मारलेलं नाही, सबब सायकल चालवलेली नाही. पाणी आणल्याचे पैसे कुणी दिले नाहीत, सबब ते कामही नाही. दोन्हीकडून बाद. निकाल स्वच्छ आहे.

त्याच पोरीला पुढं आठवीत मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळण्याची शक्यता असते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना, आठवी ते बारावी. या कार्यक्रमाचं आयुक्तालयच संभाजीनगरात आहे, म्हणजे घरचंच कार्य. 2022 मध्ये सायकलीसाठीची रक्कम वाढवून 5,000 रुपये केली. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं ओढणी कमरेला खोचून तिघी-चौघी आडव्या रांगेत गप्पा मारत चाललेल्या दिसतात, मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकतो, त्या सरकत नाहीत. दृश्य झकास असतं. पण शाळा म्हणजे नोकरी नव्हे, आणि गप्पा मारत सायकल चालवणं हे शास्त्रात बसत नाही. शिवाय ती सायकल शाळा सुटल्यावर भाऊ पळवतो आणि संध्याकाळी बाप डेअरीवर नेतो. एकाच वाहनावर तीन माणसांचा दावा, नोंद कुणाच्या नावावर करणार?

राहता राहिला सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये ठरवून दिल्याप्रमाणं तो 3 जूनला येतो. मृग अजून लागायचाय, ऊन सकाळी आठलाच चटके देतंय, म्हणून कार्यक्रम सहाला ठेवतात. याच तारखेला 2020 साली अ‍ॅटलास सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कामगार नेहमीसारखे कामावर आले तर गेटवर नोटीस. आले कशानं होते, हे त्यांना कुणी विचारल्याचं वाचनात नाही. दिन चुकवू नका, कारण वर्षभराची पात्रता त्या एका फोटोवर ठरते. सायकल गाडीच्या मागं अडकवून आणली तरी चालते; शेवटचा अर्धा किलोमीटर चालवा, म्हणजे दम लागलेला दिसत नाही आणि टी-शर्टवरची इस्त्रीही राहते. कंपनीतल्या सगळ्या साहेबांकडं सायकली नसतात, ही दरवर्षीची अडचण. त्यावर उपाय सोपा आहे. एरवी वॉचमन ज्या सायकली 'आत नका आणू, साहेब येणारेत' म्हणून कंपाउंडबाहेर लिंबाखाली लावायला सांगतो, त्यांतल्या सात-आठ आत घ्यायच्या, फडक्यानं पुसायच्या, हँडलला फुगे बांधायचे. मोठ्या साहेबांना शक्यतो कॅन्टीनवाल्या पोराची द्या, तिची घंटी वाजते. झेंडा हलला की गेटपासून गेटपर्यंत एक चक्कर, मग नाश्ता.

फोटो झाल्यावर सायकल परत लिंबाखाली लावून द्या आणि कुलपाची किल्ली खिशात राहिली का ते बघा. मागच्या खेपेला ती साहेबांबरोबर गाडीतून मुंबईला गेली होती, आणि पोरगं मागचं चाक उचलून धरून बजाजनगरपर्यंत ढकलत गेलं. चाक एकच फिरत होतं, तेव्हा तेही धरता येत नाही.