सात मिनिटं पुढे

आमच्या घरातली वेळ गेली ११ वर्षं सात मिनिटं पुढे चालते. भिंतीवरची, मनगटावरची आणि माझ्या मोबाइलमधलीसुद्धा. डोंबिवलीत राहून ७:५२ची फास्ट पकडायची, तर खरी वेळ परवडत नाही.

सगळं सुरू झालं मेव्हण्यापासून. त्याचं अकाउंट कुणीतरी पळवलं आणि त्याच्या नावाने अख्ख्या गोतावळ्याकडे आठ-आठ हजार मागितले. मेव्हणा पैसे मागतोय यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला संशय आला तो केवळ शेवटी ‘प्लीज’ लिहिलं होतं म्हणून.

“बाबा, तू आजच्या आज टू-फॅक्टर लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतात,” कन्येने क्लासला जाता जाता फर्मान काढलं.

“लावतो. मेसेजवर ओटीपी येतो तेच ना?”

“ते नको. तुझ्या नंबरचं सिम दुसऱ्याच कुणी काढून घेतलं तर? अ‍ॅपवालं लाव.”

अ‍ॅप घेतलं. सेटिंगमध्ये शिरलो तर समोर ठिपक्यांची चौकोनी रांगोळी. म्हणे स्कॅन करा. कशाने? रांगोळी मोबाइलवर, कॅमेराही त्याच मोबाइलला. मी बेसिनच्या आरशासमोर जाऊन उभा राहिलो. कॅमेरा उघडला की रांगोळी गायब, रांगोळी आणली की कॅमेरा गायब. आरशात उरलो मी.

“अहो, फोटो काढताय तर निदान दाढी तरी करा,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

रांगोळीखाली बारीक अक्षरांत एक ‘की’, म्हणजे गुप्त किल्ली होती, ३२ अक्षरांची. ती कॉपी-पेस्ट होते हे मला मागाहून कळलं. मी ती वाण्याच्या यादीखाली लिहून काढली, साबुदाणा आणि शेंगदाण्यांच्या पंक्तीला. मग ‘ओ’ की शून्य, यात अर्धा तास. अशा कीमध्ये शून्य आणि एक हे आकडे ठेवतच नाहीत म्हणे, लोकांचा गोंधळ नको म्हणून. हेही गोंधळ घालून झाल्यावर कळलं.

अखेर सहा आकडे उगवले. शेजारी चतकोर-चतकोर झिजत जाणारं एक वर्तुळ. ३० सेकंदांत ते संपतं आणि आकडे बदलतात. त्यातले नऊ सेकंद माझा चष्मा कपाळावरून नाकावर येण्यात जातात. तरी टाकले. ‘कोड चुकीचा आहे.’ पुन्हा टाकले. चुकीचा. मोठ्याने म्हणत टाकले, देवाचं नाव घेऊन टाकले. शेवटी ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’. सरकारी खिडकीवरही हेच ऐकवतात, पण तिथे बसायला बाकडं तरी असतं.

कन्या आली. तिने मोबाइलच्या कोपऱ्यात पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाबा, हे आकडे ती की आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून बनतात. फोनला नेटसुद्धा लागत नाही. तिकडे सर्व्हर तोच हिशेब करतो आणि जुळवून बघतो. एखाद्या कोडचा मागेपुढे फरक चालवून घेतात. तू १४ कोड पुढे आहेस!”

म्हणजे माझे आकडे बरोबरच होते. फक्त त्यांची वेळ यायची होती.

तिने वेळ ‘ऑटोमॅटिक’वर टाकली आणि पुढचा कोड पहिल्या फटक्यात लागला. फोन हरवला तर म्हणून दहा बॅकअप कोडही मिळाले. ते फोनमध्येच ठेवायचे नाहीत, म्हणून बायकोने कॅलेंडरच्या मागे दुधाच्या खाड्यांशेजारी उतरवले. आता दूधवाल्याचा हिशेब कुठे संपतो आणि माझी सुरक्षितता कुठे सुरू होते, ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर ७:४० वाजले होते. सवयीने सात वजा केले आणि आणखी अर्धा कप चहा घेतला. जिना उतरून फलाटावर आलो, तर फास्टचा शेवटचा डबा कोपरच्या दिशेने निघालेला.

पुढच्या गाडीची वाट बघत अकाउंट उघडलं. ‘हे तुम्हीच आहात का?’ कोड टाकला. लागला. आत मेव्हण्याच्या नव्या अकाउंटवरून मेसेज होता, आठ हजार हवे होते. ‘प्लीज’ नव्हतं.